तीन तारखा

सल्लागाराने नकाशावर बोट ठेवलं:
पार्किंग इथे वाढवता येईल.
बोटाखाली दफनभूमी होती.

त्याला कसं माहीत असणार.
तो शार्लटहून सकाळच्या विमानाने आला होता,
आणि ईरी तळ्याकाठी एकदा बर्फ धरला
की चौसष्ट दगड दिसेनासे होतात.

सगळे एकाच मापाचे, गुडघ्याएवढे.
रेक्टर असो की भटारखान्यातला ब्रदर,
नाव आणि तीन तारखा:
जन्म, संघप्रवेश, मृत्यू.
कुणी किती निधी जमवला, ते नाही.

जिन्यात माझ्या आधीच्या सतरा जणांच्या तसबिरी,
सतरा गळ्यांत पांढरी पट्टी.
अठरावी मी. थिओडोरा विझ्नियाक,
नळवाल्या स्टॅनिस्लावची मुलगी.

बाबा भिंतीला कान लावून सांगायचे
गळती कुठे आहे.
चार वर्षं मीही कान लावून बसलेय.
आधी कारखाने गेले, त्यांच्यामागून घरं,
आणि जी मुलं आज अठराची असायची
ती जन्मलीच नाहीत.
ही गळती नाही, बाबा.
झराच आटलाय.

आमच्या कॉफीच्या मगांवर छापलं आहे:
अख्ख्या माणसाची काळजी.
तक्त्यात मात्र माणसं पावकी-निमकीने येतात.
तत्त्वज्ञान अडीच. धर्मशास्त्र पावणेचार.
ग्रीक-लॅटिन एक,
म्हणजे कॉर्नेलियस हॅवर्टी,
आणि त्याचे तीन विद्यार्थी.
नर्सिंगला जागा पुरत नाही.

मधेच बिशपच्या कार्यालयातून फोन येतो,
ताकाला येऊन भांडं लपवत:
सहजच केला होता,
तुमच्याकडे व्याख्यानाला कोण येतंय म्हणे?
मी सहजच उत्तर देते.
ठेवल्यावर हात थरथरतो, तो कुठल्या तक्त्यात लिहायचा.

मठाची इमारत विकायला काढली आहे.
आत तिघे उरलेत.
फादर टिअर्नी एकोणनव्वदचे,
माझं नाव विसरतात, झोप झाली का ते विचारतात.
काल यादी त्यांच्या मांडीवर ठेवली.
बराच वेळ त्यांनी ती उलटीच धरली होती.

मग म्हणाले: तळघरात भूकंपमापक होता.
मी डीन असताना बंद केला. पैसे नव्हते.
ब्रदर काझिमीर तरीही
रोज सकाळी खाली जाऊन कागद बदलायचा.
सुई नव्हती, वीज तोडलेली.
अकरा वर्षं.

कशासाठी? मी विचारलं.

मला कधी विचारायचं धाडस झालं नाही, ते म्हणाले,
आणि झोपले.

पार्किंगला मी नाही म्हटलं.
ते सोपं होतं. मेलेल्यांना पगार नसतो.

मंगळवारी यादीवर सही केली.
ईमेल पाठवणार होते, मजकूर वकिलांनी तपासलेला,
‘खेद’ काढून ‘कृतज्ञता’ घातलेली.
पाठवला नाही. कोट चढवला,
बर्फातून पलीकडच्या इमारतीत गेले.

दार उघडं होतं.
मारिबेल किन्योनेस वाचत होती,
जिची आई रात्री वृद्धाश्रमाच्या फरशा पुसते.
एका क्रियापदापाशी ती अडली.
हॅवर्टीने सांगितलं नाही.
खिडकीकडे बघत राहिला,
जसा कुणी बसची वाट पाहतो, येणारच आहे म्हणून.
ती मागे गेली, पुन्हा आली,
आणि ते क्रियापद तिचं तिलाच सापडलं.

असं थांबणं
पावकी-निमकीत कितीचं बसतं,
मला काढता आलेलं नाही.

माझ्या कोटावरचं बर्फ वितळून
त्यांच्या फरशीवर थेंब पडत होते.
हॅवर्टीने वर पाहिलं.
माझ्या हातातला कागद त्याने पाहिला असावा.
बसताय का? म्हणाला.

खुर्च्या भरपूर होत्या.